नावाआधी काय लावायचं

लग्नपत्रिकेत नावाआधी काय लावायचं यावरून माणसं किती भांडतात हे बघायचं असेल तर आमच्या ऑफिसात येऊन बसा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. वेबसाइट करायचं काम. शाळा, दवाखाने, पतसंस्था, जे येईल ते करतो. पण तुळशीची लग्नं उरकली की सगळं बाजूला पडतं आणि फोनवर पाठवायच्या पत्रिका सुरू होतात. लिंक दाबली की सनई वाजते, गणपती येतो, मग वधूवरांची नावं, मग घरादाराची. मी तिथं बरीच वर्षं टेम्प्लेट लिहिते. टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा. नावं एका तक्त्यात भरायची, साचा ती उचलून जिथल्या तिथं मांडतो, लिंक उघडली की दर वेळी नव्यानं. एकदा साचा नीट झाला की त्यातून पाहिजे तेवढी लग्नं काढा.

साचा नीट होतो, माणसं होत नाहीत. नुसत्या श्री. आणि सौ.वर कुणाचं भागत नाही. तालमीत कधीकाळी अंगाला माती लावलेला, आता पोट सुटलेला माणूस असतो, त्याला पै. पाहिजे. पै. म्हणजे पैलवान, कोल्हापुरात ते डॉक्टरच्या तोडीचं आहे. मग डॉ. आले, अॅड. आले, कीर्तन करणाऱ्यांचे ह.भ.प. आले. एका घरात म्हाताऱ्या काकूंना श्रीमती लावलं तर त्यांचे दीर पायऱ्या चढून भांडायला आले, गं.भा. लिहा म्हणून. माजी उपसरपंचाला नुसतं श्री. लावलं तर त्यानं पत्रिकाच परत पाठवली. एकापेक्षा एक नग.

हे सगळं ठरवणारी साच्यात एकच ओळ होती, मी लिहिलेली. लग्न व्हायचं असेल तर चि. किंवा कु., सवाष्ण असेल तर सौ., नवरा गेलेला असेल तर श्रीमती, पैलवान असेल तर पै., आणि असंच पुढं. प्रत्येक भांडणानंतर त्या ओळीत एक तुकडा वाढायचा. ओळ स्क्रीनच्या बाहेर गेली आणि आणखी बाहेर गेली. अगदी शेवटी होतं, नाहीतर कै., पण माणूस मयत असेल तरच, नसेल तर रिकामं. ज्याच्या नावाआधी कै. लागेल तो आपोआप वर, आशीर्वादाच्या जागी जायचा, गेलेल्या आजीआजोबांच्या पंगतीत. बाकीचे खाली, निमंत्रकांत.

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, वयानं माझ्यापेक्षा लहान. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आलेत. माणूस वाईट नाही, पण कोड वाचताना उजवीकडं सरकवायला लागलं की त्यांचं डोकं फिरतं. ती ओळ दिसली की म्हणायचे, ताई, ही तोडा हो, चार ओळींत करा, बघवत नाही. मी म्हणायचे, तोडते, सीझन संपू दे. मी टाळत होते त्याला कारण होतं. साचा चालवणारं आमचं यंत्र सरांनीच पुण्यात असताना बांधलेलं, आणि त्याला एक खोड आहे. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं ते धरतं. बोलणं पुढच्या ओळीत चालू आहे असं सांगायचं तर ओळीच्या अगदी टोकाला एक तिरकी रेघ द्यावी लागते. त्या रेघेपुढं काही म्हणजे काही चालत नाही, साधी मोकळी जागासुद्धा. ती जागा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. मग ते रेघ मानत नाही, तिथंच वाक्य मिटवतं आणि खालचा तुकडा गपचूप गिळून टाकतं. चूक झाली म्हणून ओरडतसुद्धा नाही. असल्या यंत्रात हलत्या सीझनला कोण हात घालणार?

आता माझं सांगते. मी मूळची पेठ वडगावची. भावाचं तिथं हार्डवेअरचं दुकान आहे. मला गडहिंग्लजला दिलेली. नांदले मी तिथं, नांदली नाही असं कुणी म्हणू नये. पण नवऱ्याला दुसरी पाहिजे होती, ती त्यानं आणली, आणि मी कोर्टातून रीतसर घटस्फोट घेऊन कोल्हापूर गाठलं. कॉम्प्युटर शिकले, नोकरी धरली, तिथल्याच संभाजीनगर भागात दोन खोल्या घेतल्या. याला फार वर्षं झाली. त्याचं बरं चाललंय, त्याची बायको सौ. आहे. माझ्यासाठी मात्र शब्द नाही. कु. नाही, सौ. नाही. श्रीमती लावावं तर आमच्या लोकांत श्रीमती म्हणजे नवरा गेलेली, आणि हा तर उसाच्या फडात धडधाकट हिंडतोय.

आणि एक गंमत सांगते, गंमतच म्हणायची. एवढ्या पत्रिका केल्या, पण माझ्यासारखी बाई माझ्या साच्यात कधी आलीच नाही. एवढ्या घरांत एक तरी असणारच की. पण घरचे तिला पत्रिकेतच घेत नाहीत, किंवा खुशाल सौ. ठोकून देतात. माझ्या ओळीतलं ते शेवटचं रिकामं होतं खरं, पण ते कधी कुणाला लागलं नव्हतं.

भावाची मुलगी कॉलेजची सगळी वर्षं माझ्याकडं राहिली. तिचे डबे मी केले, तिच्या तापात मी जागले, तिला गाडी चालवायला मी शिकवलं, तीही माझ्याच गाडीवर, आणि गाडीचा आरसा फुटला ते मी तिच्या बापाला सांगितलं नाही. मला मूल नाही. हे मी कुणापुढं बोलत नाही, पण इथं सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. ती मला आत्या म्हणायची, आणि मैत्रिणींना सांगायची, आमची आत्या कोड लिहिते. मला तेवढं पुरत होतं.

तिचं जयसिंगपुरात जमलं. मुलगा चांगला, घरचा व्यापार, माणसं मोठी. भावानं छापील पत्रिकेचा नमुना मला फोनवर पाठवला. मी नावं वाचत गेले. काका, मामा, मामी, दुकानातले भागीदारसुद्धा होते. मी नव्हते. मला वाटलं राहून गेलं असेल. फोन लावला.

भाऊ म्हणाला, "अगं, तुझं नाव ओळीत बसंना. प्रेसवाला म्हणतोय, आणखी एक घातलं की ओळ तुटती आन् खाली एकच नाव लोंबकळतं. बरं दिसत न्हाय."

मला सांगत होता. मला! लांब ओळ कुठं तोडायची आणि खाली किती सोडायचं यावर माझं पोट चालतं, आणि हा मला ओळ तुटती म्हणून सांगतोय. मी म्हटलं, भागीदाराचं नाव कसं बसलं रे मग? मग वहिनीनं फोन घेतला. वहिनी निदान सरळ बोलते. ती म्हणाली, पावणं विचारणार, या आत्याच्या नावाआधी काहीच कसं नाही, मग आम्ही काय सांगायचं? त्यांच्यात असलं चालत नाही. सोयरीक जुळवताना तुमचा विषय निघाला होता, तर यांनी हो-नाही काहीच न सांगता बोलणं दुसरीकडं नेलं. आता पत्रिकेनं ते उघडं पडायला नको.

म्हणजे मुद्दा एवढाच होता की माझं नाव त्या पत्रिकेत येणार की नाही. लोकांना ही बारीक गोष्ट वाटेल. वाटू दे. ज्या पोरीला मी वाढवलं तिच्या लग्नात मी घरची म्हणून उभी राहणार की कोल्हापूरची कोणी बाई म्हणून, हे त्यावर ठरणार होतं. मी ऑफिसात लोकांची भांडणं ऐकून मनातल्या मनात हसायचे. माझ्यावर आली तेव्हा हसू आलं नाही.

पोरगी मात्र त्या वेळी खंबीर राहिली. बापाला म्हणाली, छापील पत्रिकेत नसू दे, पण फोनवरची पत्रिका आत्या करणार आहे, आणि तिच्यात तिचं नाव नसेल तर मी ती एकालाही पाठवणार नाही. भावानं कुरकुर केली आणि हो म्हणाला. मला बोलला, घाल तुझं तू, पण नावाआधी काही लावू नकोस. कुणी विचारलंच तर टाइप करायचं राहिलं म्हणून सांगतो. मी म्हटलं चालेल. टाइप करायचं राहिलं तर राहिलं. नाव तर येतंय.

तक्त्यात माझं नाव भरलं. विवाहित, अविवाहित, विधवा, मयत, असे चार पर्याय असतात. मी एकही निवडला नाही. पान उघडून बघितलं, तर निमंत्रकांत सगळ्यात शेवटी माझं नाव, पुढंमागं काही न चिकटवलेलं. ते लाजिरवाणं दिसेल असं मला वाटलं होतं. पण मला ते आवडलं, फार आवडलं. कितीतरी वेळ मी त्याकडं बघत बसले. मग पान सरांच्या ताब्यात दिलं, लिंक सगळ्यांना पाठवायचं त्यांच्याकडं सोपवलं आणि रजा टाकून रुखवताच्या कामाला वडगावला गेले.

मी रजेवर आहे, ऑफिसात जरा निवांत आहे, असं बघून सरांनी साफसफाई काढली. त्यांनी माझी ती ओळ तोडली.

वडगावला पुढच्या खोलीत सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो. मी सुपारीला जरीचे फेटे बांधत होते. नवरा, नवरी, भटजी, वाजंत्री, सगळं वऱ्हाड सुपाऱ्यांचं करायचं होतं. माझा हात चांगला आहे त्यात. भाऊ खुर्चीवर हिशेब लावत होता कुठला तरी, आणि त्याचा फोन वाजला. आमचा भाऊ फोन कायम स्पीकरवर लावतो, अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. जयसिंगपूरहून विहीणबाई बोलत होत्या. आवाज मायाळू होता बाईंचा, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, "पत्रिका बघितली. छान झालीय. पण मुलीच्या आत्या कैलासवासी झाल्यात होय? आम्हाला बोलला नाहीत तुम्ही."

मला काही कळेना. माझ्या हातात ती नवरीची सुपारी होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी विचारतायत. मी भावाकडं बघितलं, तर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि म्हणाला,

"व्हय. झाली की आता बरीच वर्षं."

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खिळ्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग आणखी थोडं बोलला, जेवणाचं, गाड्यांचं, आणि फोन ठेवला.

मी माझा फोन उघडला. लिंक दाबली, सनई वाजली. वर आशीर्वादाच्या जागी आईबाबांची नावं होती, कै., कै., आणि त्यांच्याच ओळीत तिसरं माझं, त्याच्याआधीही कै. आणि आज खरं सांगते, एक क्षणभर असंही वाटलं की आईबाबांच्या शेजारी बरी बसवलीय की. मग डोकं तापलं.

मी म्हटलं, मी इथं तुझ्यासमोर बसलेय आणि तू काय सांगितलंस? भाऊ माझ्याशी डोळे भिडवेना. वहिनी आतून आली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बरंच बोलले. गडहिंग्लजहून आले तेव्हा बाबांनी काय सांगितलं होतं इथपासून काढलं. पोरीला कुणी सांभाळलं ते काढलं. भाऊ ऐकून घेत होता. शेवटी माझा दम संपल्यावर तो बोलला, आणि त्याचा आवाज मऊ होता, त्याचाच मला जास्त राग आला.

"हे बघ, आपण काय केलं न्हाय. कॉम्प्युटरनं केलं. आपल्याला पाप न्हाय. आन् आता गेल्या म्हटल्यावर कोण इचारत बी न्हाय, का गेल्या, कशा गेल्या. नाव बी आलं तुझं, आन् वरच्या ओळीत आलं. आता काय पाहिजे?"

आता काय पाहिजे? त्याच्या हिशेबात सगळं बसलं होतं. जिवंत होते तर माझं नाव ओळीत मावत नव्हतं. मेले तर पहिल्या ओळीत जागा झाली. आणि तो चेष्टा करत नव्हता, हे ध्यानात घ्या. त्याला खरंच वाटत होतं की देवानं गाठ सोडवली. त्याला एवढंच दिसत नव्हतं की गेलेली बाई अक्षता टाकायला मांडवात येऊ शकत नाही. मग तेही त्याच्या ध्यानात आलं. म्हणाला, तू लग्नाला ये की, पण जरा मागं बस, आणि कुणी विचारलं तर वडगावची शेजारीण म्हणून सांग.

मी सुपाऱ्या तशाच ठेवल्या. अर्ध्या वऱ्हाडाला फेटे होते, अर्ध्याला नव्हते. पिशवी उचलली आणि एसटी धरून कोल्हापूरला आले.

सर खाली बेकरीतच भेटले. वर नेऊन मी त्यांना पान दाखवलं. त्यांचं तोंड उतरलं. शोधायला वेळ लागला नाही. माझी लांब ओळ त्यांनी नीट कापून एकाखाली एक लावली होती, दिसायला खरंच देखणी झाली होती. शेवटचा तुकडा त्यांनी 'नाहीतर कै.' इथं तोडला होता आणि टोकाला तिरकी रेघ दिली होती, पण रेघेनंतर एक मोकळी जागा पडली होती. यंत्रानं वाक्य तिथंच मिटवलं. 'मयत असेल तरच' हा खालचा तुकडा गिळून टाकला. ज्याच्या नावाआधी लावायला काही सापडणार नाही तो कै., असा नियम झाला. बाकी सगळ्यांना काही ना काही होतं, म्हणून इतक्या पत्रिकांत कुणाचं काही बिघडलं नाही. एकटी मीच सापडले.

सर सारखं सॉरी ताई, सॉरी ताई म्हणत होते, आत्ता दुरुस्त करतो म्हणाले. मी म्हटलं, उठा, मी करते. त्यांच्यावर मला राग धरता येईना. त्यांनी एक मोकळी जागा सोडली होती, तीही नकळत. माझ्या भावानं सगळं कळून सवरून हो म्हटलं होतं. मी रेघेपुढची ती जागा पुसली, पान परत उघडलं. कै. गेला. माझं नाव खाली आलं, निमंत्रकांत शेवटी, जसं आधी होतं तसं मोकळं. मला वाटलं संपलं. आता भाऊ काय म्हणेल ते म्हणू दे, पावणं काय म्हणतील ते म्हणू देत. मी जिवंत आहे याचा पुरावा द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. घरी जाऊन मी भात टाकला, आणि भूक लागली होती हे तेव्हा कळलं.

जेवायला बसणार तोवर पोरीचा फोन आला.

मला वाटलं ती चिडली असेल, बापाशी भांडून आली असेल. कॉलेजात असताना अशीच करायची, तिकडं भांडायची आणि इकडं मला फोन करून रडायची. मी म्हटलंही, झालं गं, दुरुस्त केलं मी, तू नको मनाला लावून घेऊ. मग ती म्हणाली तिनं बघितलं. सासूबाईंनी परत पान उघडलं तर काय करायचं, असं विचारलं तिनं. सकाळी होत्या गेलेल्या आणि आता खाली आल्या, असं कसं, बाबा खोटे पडतील. मी म्हटलं, बाबा खोटेच आहेत. ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली,

"आत्या, लग्नापुरतं राहू दे ना तसंच. एकदा तिकडं रुळले की मीच सांगते सगळ्यांना. तुझी शपथ."

भावाला मी काय काय बोलले होते. हिला एक शब्द बोलता आला नाही. तिचं चूक आहे असं म्हणवत नव्हतं. तिला त्या घरात जायचं होतं, आयुष्य काढायचं होतं. आणि बरोबर आहे असंही म्हणवत नव्हतं. तिच्या आवाजात भीती होती, ती मी ओळखली, कारण गडहिंग्लजला मी तशीच भ्यायचे, बारीकसारीक गोष्टीला. मी बरं म्हणून फोन ठेवला. भात तसाच राहिला.

मग ते पान परत होतं तसं करायला बसले, आणि तिथं एक मेख निघाली. आता ओळ दुरुस्त झाली होती. तिच्यात परत ती मोकळी जागा घालून चुकीचं करून ठेवावं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात जिवंत माणूस मरायचा. ते माझ्या हातून व्हायचं नाही. म्हणजे माझ्या नावाआधी कै. पाहिजे असेल तर एकच रस्ता होता. तक्ता उघडायचा आणि त्या चार पर्यायांतला शेवटचा निवडायचा. यंत्राचं चुकलं होतं तोवर निदान यंत्राचं तरी होतं. भाऊ खोटं बोलला तेही त्याच्या तोंडानं. आता मात्र माझ्या नावासमोर मयत हे मलाच भरायला लागलं.

भरलं. पान उघडून बघितलं. साचा बरोबर चालला होता, कुठंही चूक नव्हती.

लग्नाच्या दिवशी मी ऑफिसात होते. सर म्हणाले, ताई, तुम्ही आज इथं? मी म्हटलं, काम आहे. एका शाळेची फी भरायची पानं होती, ती केली. त्यातल्या लांब ओळी नीट तोडल्या, रेघा तपासल्या. दुपारी भावानं हॉलवरून नवरानवरीचा फोटो पाठवला. पोरगी सुंदर दिसत होती. खाली त्यानं लिहिलं होतं, सगळं छान पार पडलं. मी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले.

ती अजून रुळतेच आहे. मी विचारत नाही, कधी सांगणार म्हणून. विचारलं तर फोनही बंद होईल ही भीती मला आहे, आणि त्या फोनशिवाय मला दुसरं काही नाही, हे तिलाही माहीत आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी ती करते, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की. भाजीचं विचारते, तब्येतीचं विचारते, कधी पूर्वीसारखी हसतेसुद्धा. परवा असंच बोलत होतो. मी तिला बाळंतपणाला दवाखाना कुठला बघितलाय ते विचारत होते. तिकडं जिन्यात कुणाची तरी चप्पल वाजली, आणि तिचा आवाज एकदम बदलला, सपाट झाला.

"बरं मॅडम," ती म्हणाली, "मी नंतर कळवते तुम्हाला."

मी म्हटलं, बरं.